झाकणाखालचा भूगोल

माझी भाची साताऱ्याला बारावीत शिकते. गेल्या पावसाळ्यात तिने फोनवर मला एक प्रश्न विचारला आणि त्याचे नीट उत्तर मला त्या क्षणी देता आले नाही. पोटापाण्यासाठी मी मानेसरच्या एका प्रयोगशाळेत जनुकीय माहितीचे विश्लेषण करते. म्हणजे प्रश्न ज्या विषयावर होता त्याच्याशी माझा रोजचा संबंध. त्यामुळे उत्तर न सुचल्याची लाज अधिकच वाटली. पुढचे लेखन हे त्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

मानेसर म्हटले की दिल्ली-जयपूर महामार्ग, मोटारींचे कारखाने, गोदामे आणि ट्रकांच्या रांगा एवढेच डोळ्यांपुढे येते. पण गावाच्या पाठीशी अरवलीचे फाटे आहेत. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राचा परिसर त्यांच्याच पायथ्याशी आहे. क्वार्टझाइट या कठीण खडकाचे लांबट कणे जमिनीतून वर आलेले आणि दोन कण्यांच्या मध्ये गाळाची व वाऱ्याने आणून टाकलेल्या वाळूची सपाटी, असे इथले भूरूप आहे. उतारावर कुठे कुठे धौची झाडे टिकून आहेत. उरलेल्या जागेवर वेडी बाभूळ माजली आहे. इकडे तिला विलायती कीकर म्हणतात. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ह्या टेकड्या पहिल्या नजरेत अगदीच ठेंगण्या आणि रुक्ष वाटतात. मलाही वाटल्या होत्या.

इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी, पाऊस पडून गेलेल्या एका सकाळी, अशाच एका उतारावर बूट बांधायला वाकले असताना मातीत एक बारीक अर्धवर्तुळाकार रेघ दिसली. नखाने हलकेच उचकले तर जुन्या रुपयाच्या नाण्याएवढे मातीचे झाकण वर आले. आतली बाजू पांढऱ्या रेशमाने मढवलेली, एका कडेला रेशमाचीच बिजागरी. क्षणभरात ते झाकण आतून खाली ओढले गेले. ती ओढ बोटाला स्पष्ट जाणवली. ट्रॅपडोअर कोळी.

मी हे दार ओळखले, कारण लहानपणी पाहिले होते. साताऱ्याहून कासला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, मातीच्या उभ्या कापात, वडिलांनी ते मला दाखवले होते. ते त्याला ‘दाराचा कोळी’ म्हणत. शास्त्रीय नाव त्यांना ठाऊक नव्हते, आणि त्या काळी तिथल्या कोळ्याकडे कोणाचे फारसे लक्षही गेले नव्हते. २०१२ मध्ये मिर्झा, वझे आणि सानप ह्या अभ्यासकांनी महाराष्ट्रातून इडिऑप्स वंशाची एक नवी प्रजाती नोंदवली आणि तिला कासच्या पठाराचे नाव दिले: इडिऑप्स कासेन्सिस. योगायोग असा की त्याच वर्षी पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत कासही होते. पठार फुलांसाठी जगभर गाजले. दाराच्या कोळ्याची बातमी त्या मानाने फार थोड्यांपर्यंत पोहोचली.

मानेसरच्या उतारावर कोणती प्रजाती आहे हे सांगण्याचा अधिकार मला नाही. त्यासाठी कोळी बाहेर काढून त्याची अंगे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात, तेही बहुधा नराची. मी बीळ खणले नाही. एक वही केली आणि पावसाळ्याच्या रविवारी झाकणे मोजू लागले. पहिल्या वर्षी अकरा, दुसऱ्या वर्षी चौदा, तिसऱ्या वर्षी तेरा. झाकणांचे आकार वेगवेगळे; मोठ्या झाकणाच्या हातभर अंतरात मुगाच्या दाण्याएवढी झाकणे. ती पिल्लांची.

ह्या ‘हातभर अंतरा’त पुढची सगळी गोष्ट आहे.

आपल्या घराच्या कोपऱ्यात जाळे विणणाऱ्या बहुतेक कोळ्यांची पिल्ले रेशमाचा धागा वाऱ्यावर सोडून उडत जातात. ट्रॅपडोअर कोळी ज्या प्राचीन गटात मोडतात त्या गटात, काही वंश सोडले, तर ही सवय नाही. पिल्लू आईच्या बिळातून निघते, थोडे चालते, ओलसर माती पाहून स्वतःचे बीळ खणते आणि त्यावर झाकण बसवते. मादी असेल तर वाढेल तसे तेच बीळ रुंद करत आयुष्य तिथेच काढते. नर मात्र वयात आला की बीळ कायमचे सोडतो, पावसाच्या पहिल्या सरींनंतर रात्री मादीच्या शोधात भटकतो आणि थोड्याच काळात मरतो. म्हणजे ह्या प्राण्याच्या जनुकांना प्रवासाची साधने दोनच: पिल्लाची काही पावले आणि नराच्या काही रात्री. मध्ये ओढा आला, उघडा कातळ आला, कोरडी वाळू आली, की प्रवास थांबतो. पक्ष्याला किंवा बिबट्याला जो अडथळा वाटणारही नाही, तो ह्या कोळ्याला हजारो पिढ्या ओलांडता येत नाही. अशा दोन बाजूंच्या समूहांत वेगवेगळे जनुकीय बदल साठत जातात.

कॅलिफोर्नियातल्या ॲप्टोस्टिकस ह्या वंशावर जेसन बाँड ह्या संशोधकाने केलेले काम ह्या बाबतीत वाचण्याजोगे आहे. २००८ मध्ये त्याने आणि ॲमी स्टॉकमनने दाखवले की बाहेरून जवळजवळ एकसारखे दिसणारे हे कोळी आतून, डीएनएच्या पातळीवर, टोकाचे भिन्न आहेत आणि ही भिन्नता नकाशावर ठिकठिकाणी कप्प्याकप्प्यांनी मांडलेली आहे. २०१२ मध्ये त्याच वंशाच्या ३३ नव्या प्रजाती त्याने एकाच प्रबंधात वर्णिल्या. नावे देताना त्याने पुरेशी मौजही केली आहे. त्यात एक कोळी बराक ओबामांच्या नावाचा आहे.

आपल्याकडे ट्रॅपडोअर कोळ्यांच्या जनुकांचा इतका बारकाईने काढलेला नकाशा माझ्या पाहण्यात नाही. पण त्यांच्यासारख्याच, जमिनीला चिकटून राहणाऱ्या, एका प्राण्याचा आहे: गोमेचा. जाह्नवी जोशी आणि प्रवीण करंथ ह्यांनी पश्चिम घाटातील डिजिटिपेस ह्या गोमींच्या वंशाचा अभ्यास करून २०१३ मध्ये एक प्रश्न मांडला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या ज्वालामुखींचा लाव्हा पसरला, तेव्हा ओलसर जंगलातले जीव वाचले कुठे? लाव्हा दक्षिणेकडे फार खाली पोहोचला नाही. गोमींच्या जुन्या वंशशाखा दक्षिण घाटात आढळतात आणि तो भाग त्या काळात आसरा ठरला असावा, असे त्यांच्या अभ्यासातून दिसते. हे वाचताना मला कासच्या कापातले ते दार आठवले. महाबळेश्वर-कासचा सगळा डोंगर म्हणजे लाव्ह्याचेच थर. तो थंड होऊन, झिजून, त्यावर जांभा आणि माती तयार झाल्यानंतरच तिथे कोणाला बीळ खणता आले असणार. वडिलांनी दाखवलेल्या कोळ्याचे पूर्वज कुठून तरी चालत आले, आणि तेही हातभर-हातभर!

दक्षिणेकडे आणखी एक मोठी फट आहे, पालघाटची. सुमारे ३० किलोमीटर रुंदीची ही खिंड घाटाची रांग तोडते आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या जीवांमधला फरक अनेक गटांत दिसतो. शोला जंगलांतल्या छोट्या पक्ष्यांतसुद्धा तो आढळतो; २०१७ मध्ये ह्या पक्ष्यांसाठी शोलिकोला आणि मॉन्टेसिंक्ला असे दोन नवे वंश केले गेले. पंख असलेल्यांची ही कथा. पंख नसलेल्या, वाऱ्यावर न उडणाऱ्या, आयुष्यभर एका बिळात राहणाऱ्या मादीची कथा किती बारीक तुकड्यांची असेल, ह्याचा अंदाज आपण करू शकतो.

एवढे सगळे मी भाचीला त्या दिवशी उत्साहाने सांगितले. डोंगर वेगळे, दऱ्या मध्ये, म्हणून जनुके वेगळी, म्हणून प्रजाती वेगळ्या. मग तिला सांगितले की चौथ्या वर्षी माझ्या उतारावरून एक रस्ता गेला. फार मोठा नाही, दोन पदरी. पण त्याच्या एका बाजूला काँक्रीटचे खोल गटार. तेरापैकी पाच बिळे खोदकामात गेली. एका बाजूला सहा उरली, दुसऱ्या बाजूला दोन.

ती म्हणाली, “मावशी, मग चांगलंच झालं की! दरीमुळे दोन प्रजाती होतात, तर रस्त्यामुळेपण होतील ना? तूच म्हणालीस, वेगळं राहिलं की विविधता वाढते.”

प्रश्न खोडसाळ नव्हता. तिने माझाच तर्क मला परत केला होता. मी काहीतरी गुळमुळीत बोलले आणि फोन ठेवला.

उत्तराचा पहिला भाग वेळेचा आणि संख्येचा आहे. विविधता दोन प्रकारांनी मोजता येते: दोन समूहांमधला फरक, आणि एकाच समूहाच्या आतला साठा. डोंगर विभागले जातात तेव्हा दोन्ही बाजूंना हजारो प्राणी राहतात. आतला साठा टिकतो आणि लाखो वर्षांत नवे बदल त्यात भर घालतात. समूहांमधला फरक त्यातून वाढतो. रस्ता मात्र एका बाजूला सहा माद्या ठेवतो. लहान समूहात प्रत्येक पिढीला काही जनुकीय रूपे निव्वळ योगायोगाने गळतात. एखाद्या मादीला पिल्ले झाली नाहीत, एखाद्या पावसात एक कोपरा वाहून गेला, की तिच्यापाशीच असलेले रूप संपले. लोकसंख्या-जनुकशास्त्रातले जुने सूत्र सांगते की दर पिढीला आतल्या साठ्याचा, म्हणजे विषमयुग्मतेचा, सुमारे एक भागिले दोन-एन इतका हिस्सा जातो. एन म्हणजे प्रत्यक्ष प्रजननात भाग घेणाऱ्यांची प्रभावी संख्या. ती २५ धरली तर दर पिढीला २ टक्के, दहा पिढ्यांत सुमारे १८ टक्के. माझ्या उतारावर २५ कुठली? सहा माद्या आणि तितकेच नर धरले तर एन १२, म्हणजे पिढीला चार टक्क्यांहून अधिक. आईकडूनच जाणारा मायटोकाँड्रियाचा डीएनए तर ह्याच्या चौपट वेगाने गळतो.

गंमत अशी की रस्त्याच्या दोन बाजू काही पिढ्यांत एकमेकींपासून खरोखरच ‘वेगळ्या’ दिसू लागतील. एका बाजूला एक रूप उरेल, दुसऱ्या बाजूला दुसरे. आकडेवारीत फरक वाढलेला दिसेल. पण तो फरक नवे काही निर्माण होऊन आलेला नसेल. दोघांनी वेगवेगळ्या वस्तू हरवल्यामुळे आलेला असेल. माझ्या भाचीला हे सांगताना मी घरातल्या दागिन्यांचे उदाहरण दिले. दोन बहिणींत डबा वाटला. एकीने बांगड्या मोडल्या, दुसरीने पाटल्या. आता दोघींकडे वेगवेगळे दागिने आहेत, पण म्हणून घरात सोने वाढले असे कोणी म्हणणार नाही.

उत्तराचा दुसरा भाग अधिक अवघड आहे, आणि तो माझ्या स्वतःच्या पेशाशी निगडित आहे. आम्ही नमुन्यांतून डीएनए वाचतो, संगणकाला देतो आणि संगणक कप्पे पाडून देतो. कप्पा म्हणजे प्रजाती, असे मानण्याचा मोह मोठा असतो. २०१७ मध्ये सुकुमारन आणि नोल्स ह्यांनी एका लेखात स्पष्ट दाखवले की प्रजाती वेगळ्या करण्यासाठी सर्रास वापरली जाणारी एक गणिती पद्धत प्रत्यक्षात समूहांची रचना वेगळी करते. प्रजातींची सीमा आणि समूहांची सीमा तिला एकमेकींपासून ओळखता येत नाही. ट्रॅपडोअर कोळ्यांत तर हा धोका फारच मोठा. मादी हलत नाही, म्हणून तिच्याकडून जाणारा मायटोकाँड्रियाचा डीएनए टेकडीटेकडीला वेगळा दिसतो. केवळ त्यावर भिस्त ठेवली तर प्रत्येक उतारावर एक प्रजाती सापडेल. परंतु नर चालतो. त्याची केंद्रकातली जनुके शेजारच्या टेकडीवर पोहोचत असतील, तर मातृवंशाने आखलेली रेघ अर्धीच खरी. माझ्या मते ह्या कोळ्यांविषयी घाईने निष्कर्ष काढणाऱ्याने आधी एवढेच विचारावे, की नराला कोणी विचारले का?

आणि तरीही हा प्रश्न नुसता पंडिती नाही. मानेसर, सोहना आणि अलवरकडच्या टेकड्यांवर एकच प्रजाती पसरलेली असेल, तर माझा उतार गेल्याने एक समूह गेला, प्रजाती राहिली. प्रत्येक कण्यावर वेगळी असेल, तर एक रस्ता एक प्रजाती संपवू शकतो आणि ती संपल्याची नोंदही होणार नाही, कारण तिची नोंद कधी झालीच नव्हती. ऑस्ट्रेलियात इडिओसोमा नायग्रम नावाचा, पाठीमागे ढालीसारखे कठीण पोट असलेला ट्रॅपडोअर कोळी संरक्षित यादीत होता. २०१८ मध्ये मायकेल रिक्स आणि सहकाऱ्यांनी त्याची फेरतपासणी केली, तेव्हा त्या एका नावाखाली अनेक प्रजाती दडलेल्या निघाल्या. ज्या विस्तृत प्रदेशावर एक प्रजाती पसरली आहे असे वाटत होते, त्याचे वाटे पडले, आणि प्रत्येक वाट्याला लहान लहान तुकडे आले.

नोंदच चुकीच्या ठिकाणी झाली तर काय होते, ह्याचेही उदाहरण आपल्या शेजारी आहे. पीसिलोथेरिया मेटॅलिका हा निळाशार झळाळणारा कोळी ट्रॅपडोअर नव्हे, झाडाच्या ढोलीत राहणारा टॅरंट्युला. पण त्याच प्राचीन गटातला. पोकॉकने १८९९ मध्ये तो वर्णिला तेव्हा ठिकाण लिहिले गेले गुत्ती, आंध्रातले रेल्वेचे गाव. नमुना रेल्वेच्या लाकडांच्या वखारीत मिळाला होता. पुढे सुमारे शंभर वर्षे तो कोणाला सापडला नाही. २००१ मध्ये तो पुन्हा दिसला, तो तिथून सुमारे शंभर किलोमीटर दूर, नंद्याल आणि गिद्दलूर यांच्या मधल्या जंगलात. मूळचा नमुना लाकडांबरोबर आगगाडीने गुत्तीला आला असावा, असे आता मानतात. आययूसीएनच्या लाल यादीत २००८ पासून तो अतिसंकटग्रस्त आहे. चालून जे अंतर त्याने हजारो वर्षांत कापले नसते, ते आगगाडीने त्याला एका प्रवासात पार करून दिले आणि शतकभर सर्वांची दिशाभूल केली.

तर भूगोल हा काही पोलादी नियम नाही. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला कांगारू बेटाच्या किनाऱ्यावर मॉग्रिजिया रिंटौली नावाचा ट्रॅपडोअर कोळी आहे, त्याचे जवळचे नातलग आफ्रिकेत. दोन्ही भूखंड एके काळी गोंडवनात जोडलेले होते, तेव्हाचा हा वारसा असेल असे कोणालाही वाटेल. २०१७ मध्ये सोफी हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी जनुकीय कालगणना केली, तर ताटातूट फक्त २० लाख ते १ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची निघाली. भूखंड त्याच्या कितीतरी आधी दूर गेले होते. म्हणजे हा हातभर चालणारा प्राणी समुद्र ओलांडून आला, बहुधा वाहून आलेल्या मातीच्या किंवा झाडोऱ्याच्या तराफ्यावर आपल्या बिळात बसून. अशा घटना घडतात, पण त्यांच्यावर भरवसा ठेवून कोणी रस्ते आखू नयेत.

माझ्या वहीकडे परत येते. रस्ता होऊन आता दोन पावसाळे उलटले. सहाच्या बाजूला अजूनही सहा झाकणे आहेत आणि दोनच्या बाजूला दोन. मोजदाद बघितली तर सगळे ठीक आहे. हीच गोष्ट मला सर्वांत अस्वस्थ करते.

ऑस्ट्रेलियातल्या बार्बरा यॉर्क मेन ह्या विदुषीने १९७४ मध्ये नॉर्थ बंगुला ह्या छोट्याशा राखीव वनात ट्रॅपडोअर कोळ्यांची बिळे खुणा करून मोजायला सुरुवात केली. तिथला आसमंत गव्हाच्या शेतीसाठी मोकळा केलेला. हे रान त्यातले एक बेट. त्यातल्या एका मादीचा क्रमांक होता १६. ती त्याच बिळात ४३ वर्षे जगली. २०१६ मध्ये संशोधक लिआंडा मेसन तपासणीला गेली, तेव्हा झाकणाला छिद्र होते. परोपजीवी गांधीलमाशीने तिला गाठले असावे. त्यावरचा लेख २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मेन ह्यांचे २०१९ मध्ये निधन झाले. ह्या बातमीकडे लोकांनी जगातला सर्वांत दीर्घायुषी कोळी म्हणून पाहिले. मी ती माझ्या वहीशेजारी ठेवून वाचली. मादी जर दशके जगत असेल, तर नर येणे बंद झाल्यावरही, पिल्ले होणे थांबल्यावरही, झाकणे तशीच दिसत राहतील. मोजणाऱ्याला वीस वर्षे आकडा स्थिर दिसेल, आणि मग एका दशकात तो शून्यावर येईल. आमच्याकडच्या प्रजातीचे आयुर्मान इतके आहे की नाही, ते मला सांगता येणार नाही. पण आता मी मोठी झाकणे मोजणे कमी केले आहे. मुगाच्या दाण्याएवढी शोधते. गेल्या पावसाळ्यात सहाच्या बाजूला अशी तीन दिसली. दोनच्या बाजूला एकही नाही.

त्याच पावसाळ्यात, जुलैच्या सुरुवातीला, रात्री साडेनऊच्या सुमारास गटाराच्या तळाशी मला एक नर दिसला. काळसर, लांब पायांचा. गटाराची भिंत गुळगुळीत. तो चढायचा, वीतभर जायचा, पडायचा. जमिनीत राहणाऱ्या ह्या कोळ्यांच्या पायांना अशी भिंत पेलत नाही. मी बराच वेळ टॉर्च धरून उभी होते. मग कागदावर घेऊन त्याला बाहेर काढले. आणि तिथेच अडले. कोणत्या बाजूला सोडू? तो सहाच्या बाजूने आला असेल आणि दोनकडे चालला असेल, तर पलीकडे सोडणे म्हणजे त्याचा प्रवास पुरा करून देणे. दोनच्या बाजूचा असेल, तर उलटे. किंवा तो तिसऱ्याच टेकडीवरून आला असेल, आणि ह्या उताराला जनुकांची जी काही नवी भर मिळणार होती ती हीच असेल. रोज हजारो नमुन्यांची अक्षरे वाचणारी मी, एका कोळ्याला रस्त्याची कोणती बाजू द्यावी हे ठरवू शकत नव्हते. शेवटी दोनच्या बाजूला सोडले. तिथे पिल्ले नव्हती, एवढ्याच हिशेबाने. हे शास्त्र नव्हे, हे मला कळते.

अरवलीवर कायदे कमी नाहीत. गुडगाव आणि अलवर जिल्ह्यांसाठी १९९२ ची अधिसूचना आहे. खाणकामावर सर्वोच्च न्यायालयाचे निर्बंध आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने एक व्याख्या स्वीकारली होती: आजूबाजूच्या जमिनीपासून १०० मीटर किंवा अधिक उंच असेल ते भूरूप अरवलीची टेकडी. त्यावर देशभर चर्चा झाली आणि डिसेंबरच्या अखेरीस न्यायालयानेच त्या निर्णयाला स्थगिती दिली. त्या चर्चेत बिबटे होते, भूजल होते, दिल्लीची धूळ होती, आणि ती असायलाच हवी होती. मी माझ्या उताराची उंची डोळ्यांनी मापत होते. शंभर मीटर तो नक्कीच नाही. ट्रॅपडोअर कोळी तर टेकडीच्या माथ्यावर राहतच नाही. माथ्यावर नुसता खडक. त्याला लागते ती पायथ्याची चिकट माती, जिथे पाणी मुरते आणि बीळ ढासळत नाही. म्हणजे कुठल्याही टेकडीचा जो भाग रस्त्याला, कुंपणाला आणि बंगल्याला सर्वांत आधी जातो, तोच. उंचीची कोणतीही व्याख्या केली तरी ह्या प्राण्याचा पत्ता तिच्या खालच्या काठावर पडतो. त्याच्यासाठी राखायची असेल ती उतार आणि पायथा यांची सलग पट्टी, आणि दोन कण्यांच्या मधली जी थोडी न बांधलेली जमीन उरली आहे ती. गटाराच्या भिंतीला ठरावीक अंतरावर खडबडीत उतार केला, तर नर स्वतःच चढून जाईल. त्याला खर्च फार नाही. मी संबंधित कार्यालयाला तसे पत्र लिहिले आहे. पोच मिळाली, उत्तर अजून नाही.

हे सगळे लिहून भाचीला पाठवले. तिने दोन दिवस घेतले आणि मग फोन केला. दागिन्यांचे उदाहरण तिला पटले. पण एक शंका काढली: “मावशी, तू त्या नराला दोनच्या बाजूला सोडलंस, तर मग पुढच्या पावसाळ्यात तिथे बारीक झाकणं दिसली तरी ती त्याचीच आहेत हे कसं कळणार? आधी डीएनए घ्यायला नको होता का?”

नर गळलेला पाय मागे ठेवून जातात कधीकधी. त्या कागदावर काही राहिले होते का, ते मी पाहिलेच नव्हते. कागद घडी करून टाकून दिला होता. यंदा परीक्षा झाल्यावर ती जूनच्या अखेरीस इकडे येते आहे. काय आणू, असे विचारत होती. कपाळावर बांधायचा टॉर्च आणि कासच्या रस्त्यावरचे ते जुने काप अजून आहेत का, त्याचे फोटो, एवढेच आण म्हटले.